सरकारी विहिरीवरची गंगी

उमरदोड्याच्या गुरुवारच्या बाजारात दुपार कलली की बैल विकणाऱ्यांपासून बांगडीवाल्यांपर्यंत सगळ्यांचे कान चिंचेकडं लागत. चिंचेखाली मारोती उभा राही. अंगानं काडीपैलवान, पण गळा असा की पांढरकवड्याच्या सडकेवरचा ट्रकवाला गाडी हळू करून विचारी, "काय झालं बावा, आग लागली काय?" आग कुठली! आमदार बापूजींच्या आठवड्याच्या कामकाजाची हकीकत असे ती.

हे बापूजी म्हणजे जुन्या वळणाचं पक्कं खोड. सोवळंओवळं पाळणारे, तोंडात शिवी नाही की विडी नाही, आणि नवं काही आलं की आधी कपाळावर आठी. सत्तावन्न साली निवडून आले आणि मुंबईच्या विधानसभेत जाऊन बसले. पण खोटं कशाला बोला, माणूस नेमाचा होता. आपण तिकडं काय करतो ते दर आठवड्याला मतदारांच्या कानावर गेलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अधिवेशन असलं की टपालानं मजकूर येई. त्यांचा मुनीम तो मारोतीला एकदा वाचून दाखवी आणि मारोती तो चिंचेखाली जसाच्या तसा सोडून देई.

"ऐका हो ऐका! आपले आमदार बापूजी कळवतात की, दारूबंदी सैल करण्याच्या सूचनेला आम्ही कसून विरोध केला. जमिनीवर मर्यादा घालण्याचं जे बिल येऊ घातलं आहे, तेही आम्हांस मान्य नाही. वाडवडिलांनी घालून दिलेली घडी कायद्याच्या काठीनं मोडू नये, असं आम्ही सभागृहात बजावलं!"

आता तुम्ही म्हणाल, मारोती आणि असल्या गोष्टी ओरडणार? तर त्याचीही एक गंमत आहे. मारोतीचा बाप आणि आजा डफडं वाजवून गावात दवंडी द्यायचे. मारोती छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आला, त्याच दिवशी त्यानं डफडं फोडलं, मेली ढोरं ओढणं सोडलं. वरच्या आळीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बापूजींनी मात्र त्याला वाड्याच्या अंगणात बोलावलं.

"मारोती, तुझ्याशिवाय हा मजकूर बाजारभर जायचा नाही. काय म्हणतोस?"

"डफडं नाही वाजवनार, बापूजी. नुसत्या तोंडानं सांगीन. पन तुमचं एक आयकवीन तं आमचं एक इचारीन. बाजारातच इचारीन, अन् उत्तरबी बाजारातच पायजे."

बापूजी हसले. म्हणाले, "कबूल." आणि दिला शब्द त्यांनी पाळला, हेही सांगितलं पाहिजे. त्या दिवसापासून हकीकत संपली की मारोती पुढं आपला सवाल सोडी आणि पुढच्या गुरुवारी त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून येई.

सवाल एकच होता. देवळाजवळ सरकारी पैशातून पक्की विहीर बांधली होती. कायदा म्हणे, सगळ्यांची. पण वरच्या आळीनं तिच्या पायरीवर मारोतीच्या वस्तीची घागर कधी टेकू दिली नाही. वस्तीच्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. म्हणून मारोती विचारी, "सरकारी विहिरीवर आमची घागर कधी?" आणि बापूजींचं उत्तर येई, "विषय विचाराधीन आहे." मारोती तेही त्याच गळ्यानं सांगे. बाजार हसे.

त्याच्यासोबत त्याची पोरगी गंगी असायची. न्हाण यायच्या वयाची, दोन वेण्यांची, भारी तोंडाळ. बाप सांगून थांबला की शेवटचं "होऽऽ" गंगीचं. तेवढ्या एका अक्षरासाठी ती आईच्या मागं लागून बाजारात येई. नलू, मारोतीची बायको, करवादायची, "पोट्टी का दवंडीवाली झाली हाय?" गंगी म्हणे, "बा थकते ना वो माय. थोडसं मी वरडतो."

साठच्या उन्हाळ्यात झिरे डोक्याइतके खोल गेले. एका दुपारी गंगी झिऱ्यात उतरली, घागर अर्धी भरली आणि वरची रेती तिच्या अंगावर आली. लोक धावले, हातांनी उकरलं. बाहेर काढली तेव्हा घागर पोटाशी धरलेली होती आणि तोंडात रेती होती. पोर तहानलेलीच गेली.

त्या गुरुवारी मारोती चिंचेखाली येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. बापूजींनी दुःख कळवलं होतं, ते त्यानं सांगितलं. आपला सवाल टाकला. पुढच्या गुरुवारी उत्तर आलं, ते सांगितलं. "विषय विचाराधीन आहे." आपल्या मेल्या पोरीच्या तोंडावर आपल्याच गळ्यानं हे उत्तर मारायचं! कसं केलं असेल त्यानं, त्याचं त्याला ठाऊक. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आणि शेवटी तो थांबला, जिथं गंगीचं "होऽऽ" यायचं तिथं. तेव्हापासून दर गुरुवारी तेवढी जागा तो मोकळी सोडायला लागला. लोक उठून भाजी घ्यायला लागत, हा तसाच उभा राही.

पावसाळा सरला आणि विहिरीवर ते सुरू झालं.

आधी पाटलाच्या प्रभावतीनं ऐकलं. भर दुपारी, विहिरीवर चिटपाखरू नसताना, पायरीवर कुणीतरी घागर टेकवल्याचा आवाज. मग इंदूबाईला पायरीवर ओली पावलं दिसली. लहान, पोरीची. वर चढलेली, पण उतरलेली नाहीत. मग काय! एकीनं दोन वेण्या पाहिल्या, दुसरीनं कण्हणं ऐकलं. आठवड्याभरात वरच्या आळीच्या बायांनी विहीर टाकली आणि पाटलाच्या मळ्यातून पाणी आणायला लागल्या. जितेपणी जिला पहिल्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही, ती मेल्यावर रोज दुपारी विहीर चढत होती आणि एकाचीही तिला हटकायची छाती नव्हती.

मारोती ऐकून पेटला. "माह्या पोरीले भूत म्हनता?" त्यानं दीक्षा घेताना शपथ घेतली होती, भुताखेताला मानायचं नाही, अंगारेधुपारे करायचे नाहीत. शपथेला तो पक्का होता. पण माणसाचं मन मोठं वाईट. शपथ एकीकडं, आणि दुपार झाली की त्याचे पाय देवळामागच्या भिंतीकडं वळत. तिथून विहीर दिसे. तो बघत बसे. ना आवाज, ना पाऊल. उन्हं उतरली की परत येई आणि मनात जळे. ज्यांनी पोरीला पाण्यावाचून ठेवलं त्यांना ती दिसते आणि बापाला दिसत नाही? नाही ना भूत, मग मी बघायला कायले जातो? घरी नलूशी तो हे बोलला नाही. नलू रात्री दाराशी पाण्यानं भरलेला गडवा ठेवत होती. मारोती तो न पाहिल्यासारखं करी.

शेवटी वरच्या आळीनं गावबांधणी करायची ठरवली. आपल्या भागात गावाला काही बाधलं की झरीच्या रानातल्या कोलाम आदिवासींचा पुजारी बोलावतात. तो शिवेवरून फिरून गाव बांधतो, मग आतलं आत आणि बाहेरचं बाहेर. म्हातारा लेतू पुजारी आला. विहिरीभोवती हिंडला, पायरीवर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "आत्ता बांधलं तं ते पोरगी गावातच बांधली जाईन. तिले तहान हाय. तिच्या मायनं याच विहिरीचं पानी आपल्या हातानं काढून पाजलं पायजे. तहान निवली का आपली आपन जाते."

झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नलूची घागर विहिरीत उतरायची, म्हणजे विहीर बाटली. नाही उतरायची, तर गंगी कायमची मुक्कामाला.

त्या वेळी बापूजी गावीच होते. लोक त्यांच्याकडं गेले. बापूजी डोळे मिटून म्हणाले, "जुनी रीत आहे. रीतीला माझी हरकत नाही." जी गोष्ट कायद्यानं होत नव्हती ती लेतूच्या एका वाक्यानं झाली. मारोतीला बोलावणं गेलं. या गुरुवारी त्यानंच गावाला सांगायचं, नलू पाणी काढणार म्हणून.

"मी नाही सांगनार, बापूजी," मारोती म्हणाला. "कायदा म्हनते आमचं पानी हाय, तं कायद्यानं द्या. भुताच्या नावानं नोको. माही शपथ हाय."

"शपथ तुझी. पोर तर दोघांची ना रे?" बापूजी हळूच म्हणाले.

घरी आला तर नलूनं घागर घासून ठेवली होती.

"तू जानार नाहीस," मारोती म्हणाला.

"जाईन."

"हे सारं झूट हाय, नलू! एकडाव आपन भूत मानलं का मंग आपल्या शपथेचं काय राह्यलं?"

"शपथ तुमची राहू द्या. तुमी नोका पाहू तिकडं," नलू म्हणाली. "माही लेक उपाशी गेली असती तं म्या भाकर ठेवली असती. तहानेली गेली. मी पानी देईन. मंग मले काय म्हनायचं ते म्हना."

गुरुवारची वाट न पाहता दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं गाव विहिरीपासून दूर, देवळाच्या ओट्यावर गोळा झालं. मारोती आलाच नसता, पण बायकोला एवढ्या लोकांत एकटी सोडायला त्याचं मन धजेना. तो विहिरीजवळ गेला आणि शपथेपायी विहिरीकडं पाठ करून उभा राहिला. हाताची घडी, नजर सडकेवर. मागं त्याला रहाटाचा आवाज आला. घागर पाण्यात बुडाल्याचा आला. मग पाणी ओतल्याचा, हळूहळू, थांबून थांबून, कुणी ओंजळीनं पितं तसा.

लेतूनं विचारलं, "निवली काय वो, बाई?"

नलूनं घागर पायरीवर टेकवली. मग ती बोलली. "नाही. अजून तहान हाय म्हनते. उद्या ये म्हनते."

लेतूनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. म्हणाला, "मंग उद्या."

तो उद्या काही संपला नाही. नलू रोज दुपारी जाई, घागर काढी, पायरीवर धार धरी आणि उरलेलं घरी नेई. लेतू वाट पाहून पाहून आपल्या रानात निघून गेला. मग नलू म्हणाली, एकटीच्यानं रहाट ओढवत नाही. तिच्यासोबत वस्तीतली मैनाबाई जायला लागली, मग आणखी दोघी, मग साऱ्याच. हळूहळू प्रभावतीही घागर घेऊन आली. नलू विहिरीवर असली की गंगी पाणी पिण्यात गुंतलेली असते, तेव्हा बाकीच्यांना भ्यायचं कारण नाही, असं बायांनीच ठरवून टाकलं. मळा लांब पडत होता, दुसरं काय! पुढच्या उन्हाळ्यात नदीत एकही झिरा खोदला गेला नाही.

आणि एका आठवड्याला बापूजींचा मजकूर आला. मुनीमानं वाचून दाखवला. 'आमच्या मतदारसंघातील उमरदोडा येथे सार्वजनिक विहिरीचा प्रश्न कायद्याची काठी न उगारता, गावच्या रीतीनं व सलोख्यानं सुटला, हे आम्ही सभागृहाच्या नजरेस आणलं. सदर विषय आता विचाराधीन नाही.'

मारोती घरी येऊन खाटेवर बसून राहिला. नलू चुलीपुढं होती. इतके महिने गिळलेला सवाल त्यानं शेवटी काढला.

"नलू, खरं सांग. दिसते काय वो तुले?"

नलूनं भाकर तव्यावर टाकली, उलथली. तिचा हात थांबला नाही.

"आता नाही दिसत. पयल्या दिवशी आलती."

मारोती खाटेवरून उठला.

"मंग?"

"प्याली. मोठी घटाघटा प्याली. एकाच घागरीत निवली माही बाई. जातो म्हने." नलूचा आवाज फाटला. "म्या जाऊ देल्लं. अन् लोकाइले खोटं सांगतलं. निवली म्हनलं असतं तं दुसऱ्या दिवशी त्याहीनं मले पायरी चढू देल्ली असती काय? मैनाबाईच्या पोरी पुन्हा झिऱ्यात उतरल्या असत्या."

पुढचं विचारायची भीती वाटत होती, तरी मारोतीनं विचारलंच.

"माह्याबद्दल इचारलं काय काही?"

नलूनं पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं.

"जाता जाता तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. लय वेळ उभी होती. तुमी पाठ फिरवून होते ना."

भाकर करपली. दोघांनाही कळलं नाही.

गुरुवारी मारोती चिंचेखाली उभा राहिला. एरवी तो बाजाराकडं तोंड करी, त्या दिवशी विहिरीकडं केलं. बापूजींचा मजकूर एक शब्द न गाळता सांगितला, रीत, सलोखा, सभागृह, सगळं. विषय आता विचाराधीन नाही, तेही. त्या दिवशी त्याच्याकडं विचारायला काही उरलं नव्हतं. मग तो थांबला आणि गंगीची जागा मोकळी सोडली. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, रहाट वाजत होता. लोक पिशव्या उचलून पांगले, भाजीवाल्या आवरायला लागल्या, तरी मारोती तिकडंच बघत उभा होता. नलू येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

मग ज्या गळ्यानं सडकेवरचे ट्रक थांबत, त्या गळ्यानं तो अगदी हळू, शेजारच्या नलूलाच काय ते ऐकू जाईल असं, म्हणाला, "होऽऽ."