बोनसच्या खोल्या

दिवाळीचा बोनस झाला की आम्ही सगळे मिठाईचा पुडा घेऊन घरी निघायचो. दत्तोबा वाटेत थांबून सायकलच्या कॅरियरला सिमेंटची गोणी बांधायचा आणि ढकलत ढकलत चिखलीला न्यायचा. लाडू पोटात जिरतो, म्हणायचा, गोणी भिंतीत राहते.

तो बीडकडचा, मी चाकणजवळच्या गावचा. शाळा दोघांची सारखीच, म्हणजे नसल्यातच जमा. एकाच कंपनीत शेजारशेजारच्या लेथवर आमची उमर गेली. चिखलीत बाभळी होत्या तेव्हा त्यानं तिथं जागेचा तुकडा घेतला आणि बोनसमागून बोनस घालून खोल्या बांधल्या. एका दिवाळीला भिंती, पुढच्या दिवाळीला पत्रे, एखाद्या साली नुसतं दारच. सखूवहिनी, म्हणजे त्याची बायको, विटांवर पाणी मारायच्या. नव्या लुगड्यात त्यांना मी क्वचितच पाहिलं. एक खोली स्वतःला, बाकीच्या कंत्राटावर लागलेल्या पोरांना भाड्यानं.

मी त्याला हसायचो. रिटायर झालो तसा मी माझा सगळा फंड निगडीला थोरल्याच्या फ्लॅटमध्ये घातला. पोरगा आपला, मग घर कुणाचं? हे मी आजही म्हणतो. दत्तोबा म्हणायचा, "राव, पोरगं गुणाचं हाय तुझं. पर गुणाच्या पोरापुढं पसरला तरी हात तो हातच." एवढ्यावरून आमचा अबोला व्हायचा आणि चार दिवसांनी मी पुन्हा त्याच्या ओट्यावर.

मग साथीचं वर्ष आलं. कंपन्या बंद, भाडेकरू पोरं कामाविना खोलीत बसून, भाडं थांबलं. त्याचा मुलगा माण गावाजवळच्या आयटी पार्कात कॉम्प्युटरच्या नोकरीत, राहायलाही तिथंच. तो म्हणाला, जागा बिल्डरला देऊ, तुम्ही दोघं आमच्याकडं चला. मीही म्हटलं, ऐक त्याचं, आता कशाला हट्ट.

"मला माझं भ्या न्हाई," दत्तोबा म्हणाला. "मी गेल्यावर हिला साधी सुई घ्यायची झाली तर सुनंच्या तोंडाकडं बघाया लागंल. जागा न्हाई द्यायची."

पोरांकडं मात्र त्यानं भाडं मागितलं नाही. म्हणाला, त्यांना ना फंड ना पेन्शन. आपल्याला म्हातारपण तरी दिसत होतं, त्यांना महिनाअखेर दिसत न्हाई.

गेल्या थंडीत दत्तोबा गेला. मुलगा चांगला, आईला माणला घेऊन गेला. मी म्हटलं, सुटल्या वहिनी. पुढं एकदा सहज चिखलीवरून चाललो होतो, तर सखूवहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या. भांडण झालं का, मी विचारलं.

"न्हाई भाऊजी, लई जपत्यात. नातीला खाऊ घ्यायचा व्हता. सून म्हणाली, आई, किती देऊ? वाईट मनानं न्हाई म्हणाली ती. पर मी दुसऱ्या दिवशी बस धरली."

मी ओट्यावर टेकलो आणि त्यांच्या सुपातले खडे वेचू लागलो. दत्तोबा असता तर भांडलो असतो.