अर्धी पाण्यात राहिलेली कविता

नेरुळच्या एका वाचनालयात आम्ही काही जण शनिवारी कविता वाचायला जमायचो. एकदा ठरलं, प्रत्येकाने एक जुनी परदेशी पुराणकथा घ्यायची आणि ती आजची प्रेमकथा म्हणून कवितेत सांगायची. मी ग्रीकांची एक कथा घेतली. राणी नको नको म्हणत असताना राजा समुद्रावर जातो. वादळात जहाज फुटतं, तो बुडतो. तिला पत्ताच नसतो; तो सुखरूप यावा म्हणून ती रोज देवळात जात राहते. शेवटी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागतं, ती त्याच्याकडे झेपावते आणि दोघांचे पक्षी होतात. आपले खंड्या असतात ना, ते.

माझा नवरा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर होता. सीवूड्सच्या घरात मी आणि सासूबाई, दोघीच. कवितेत मी राजाला इंजिनिअर केलं, राणीला शाळेतली बाई केलं आणि देवळाऐवजी तिच्या हातात मोबाईल दिला.

बुडण्याचा भाग लिहून झाला त्या दुपारी मी तो स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून बघत होते:

तो शेवटचं नाव घेतो ते तिचं,
अर्धं तोंडात, अर्धं पाण्यात.

कोळंबी सोलणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"कोण बुडला गो?"

"कथेतला आहे, आई. ग्रीक लोकांचा राजा."

"राजा बोटीवर काय करत होता?"

"मी त्याला इंजिनिअर केलंय."

त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांचे वडील रत्नागिरीकडे मचव्यावर, शिडाच्या मोठ्या होडीवर, तांडेल म्हणजे मुख्य खलाशी होते. एका फेरीला गेले ते परत आलेच नाहीत. "माझा मुलगा पाण्यावर असताना माझ्या घरात असलं लिहायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मी लॅपटॉप मिटला.

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या ऑफिसमधून फोन आला. बोलणारी मुलगी फार अदबीने बोलत होती. जहाजावर हल्ला झालाय, इंजिनरूमला आग लागली होती, सध्या जहाजाशी संपर्क होत नाहीये. "मॅम, तुम्ही टेन्शन घेऊ नका." फोन ठेवून मी त्याचा चॅट उघडला. सकाळी त्याला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक होती.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कवितेचं नावही काढलं नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. टीव्ही चालू, आवाज बंद. फोन वाजला की आम्ही दोघी उठायचो. कधी कुरिअरवाला, कधी खालचा वॉचमन.

दुसऱ्या दिवशी मला ते सहन होईना. कवितेची फाइल डिलीट करायला लॅपटॉप उघडला, तर सासूबाई मागे उभ्या.

"काय करतेस?"

"पुसून टाकते, आई."

"पुसू नको." त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "तो बुडला. पुढे काय होतं?"

"किनाऱ्याला लागतो. मग दोघांचे पक्षी होतात."

"लिहिलंस?"

"नाही. तुम्ही नको म्हणालात ना."

"म्हणजे तो अजून पाण्यातच?" त्यांचा आवाज फाटला. "मधेच सोडलंस त्याला? काढ त्याला वर. आत्ता लिही!"

मी लिहायला लागले. एकेक ओळ लिहायची आणि वाचून दाखवायची, त्या म्हणायच्या, "पुढे." प्रेत वाहत येतं तिथे मी अडखळले. "प्रेत नको म्हणू," त्या म्हणाल्या. "तो आला, असं म्हण." मी तसंच लिहिलं. त्या कथेत राणीचा बाप वाऱ्यांचा मालक असतो. शेवट असा झाला:

दोघांना पंख फुटले तेव्हा
तिच्या बापाने सगळे वारे घरात कोंडले,
आणि समुद्राने अंगावर
एक घरटं सांभाळलं.

"बापाने बरं केलं," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसू लागल्या.

त्यानंतरही आम्ही वाट पाहतच राहिलो. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी बोलतोय. हात भाजलाय. बाकी ठीक आहे." सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला तोवर लाइन कटली होती. तरी त्या तो कानाला लावून उभ्या राहिल्या.

तो घरी आला. त्याच्या हाताखालचा फिटर मात्र आगीतून निघाला नव्हता. आल्यावर काही दिवसांनी त्यानेच कविता वाचायला सांगितली. बुडण्याच्या ओळींपाशी तो म्हणाला, "थांब."

मी वाचायची थांबले.

"नावबिव घ्यायला वेळ नसतो," तो म्हणाला. "तो नुसता खोकत होता. दरवाज्यापलीकडे. मग खोकलाही थांबला."

"त्या ओळी काढून टाकू?"

"नको." मग तो मोबाईल घेऊन बाल्कनीत गेला आणि त्याने फिटरच्या बायकोला फोन लावला. काचेतून मला ऐकू आलं, "हां भाभी, आपका ही नाम लिया उसने."

वाचनालयात मी कविता वाचली. शेवट जरा गोड झालाय, असं एक जण म्हणाला.

आता नवरा पावण्यातल्या एका कारखान्यात मेन्टेनन्स बघतो आणि संध्याकाळी घरी असतो. गेल्या महिन्यात त्याने पुन्हा जहाजावर जायचा विषय काढला. सासूबाई उठून आत गेल्या. मी मात्र त्याला तोंडावर सांगितलं, जाऊ नकोस. भांडण झालं, ताटं तशीच राहिली. त्याने अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.