साइड

आमच्या घरात ‘साइड’ या शब्दाचे दोन अर्थ होते. बाबा कतारमध्ये, दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत सर्व्हेअर. ते रोज ‘साइडवर’ जायचे. साइट म्हणा, साइट म्हणा, असं सांगून मी थकले. आणि मी विद्यापीठात फिजिक्सला, म्हणजे साताऱ्याकडच्या नातेवाइकांच्या भाषेत ‘सायन्स साइडला’. बाबांची साइड दर पाच-सहा महिन्यांनी बदलायची. माझी बदलेल असं कुणाच्याच मनात नव्हतं, माझ्याही.

एका शुक्रवारी आमच्या मन्सूरातल्या फ्लॅटवर अल सद्द भागातलं एक ओळखीचं कुटुंब जेवायला आलं होतं. त्यातल्या काकूंनी टेबलावरचं माझं ओळखपत्र उचललं. त्यावर कॉलेजचं नाव होतं, आर्ट्स अँड सायन्सेस.

“अगंबाई, आर्ट्स? आणि आम्ही समजत होतो पोरगी हुशार आहे!” म्हणत त्या हसल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे इतिहासापासून फिजिक्सपर्यंत सगळं त्याच एका कॉलेजात शिकवतात, हे मी तीनदा समजावलं. काकू तिन्ही वेळा “हो का” म्हणाल्या. पण खरा राग आला तो बाबांचा. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मान खाली घालून भात कालवत बसले होते. यांना माझी लाज वाटली, असं मी ठरवूनच टाकलं.

पुढच्याच आठवड्यात मी इंजिनिअरिंग कॉलेजात बदलीचा अर्ज भरायला घेतला. कॅल्क्युलसमध्ये चांगली ग्रेड हवी होती, नंतर मुलाखत होती, आणि अर्जात एक रकाना होता: बदली का हवी? जागा तीन ओळींची. मला समाजाच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे, असं मी लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. खरं उत्तर अर्ध्या ओळीत बसलं असतं. काकू हसल्या म्हणून.

बाबांना सांगितलं ते गाडीत, सिग्नलला थांबलो असताना. “बाबा, मी साइड बदलतेय. इंजिनिअरिंगला जाणार.” मला वाटलं खूश होतील. तेवीस वर्षांच्या इंजिनिअरलाही साहेब म्हणणारा हा माणूस.

“माझी साइड कंपनी बदलते,” ते समोर बघत म्हणाले. “तुझी कोण बदलतंय?”

“म्हणजे?”

सिग्नल सुटला. पुढची गाडी हलेना, तिला ते “यल्ला, यल्ला” म्हणाले आणि विषय तिथंच राहिला.

माझ्या मनातून मात्र तो जाईना. कॅल्क्युलसची वही उघडायची, मिटायची, उठून स्वयंपाकघरात जायचं, परत यायचं. “पायाला भिंगरी लागलीय का? बस एका जागी,” आई ओरडायची. बसणार कशी? साइड बदलली तर माझे निम्मे विषय धरले जाणार नव्हते, पदवी वर्षभर लांबणार होती. आणि तिथंही जमलं नाही तर आगीतून फुफाट्यात. एका बाईच्या हसण्यासाठी एवढं? मला स्वतःची भीती वाटायला लागली.

त्याच दिवसांत लॅबमध्ये लंबकाचा प्रयोग होता. आमचा स्टँड डुगडुगत होता. मी स्क्रू काढला, आत वायसर घातला, घट्ट केला. मग शेजारच्या टेबलाचा केला, मग त्याच्या पलीकडचा. तास संपला तेव्हा तीन स्टँड ताठ उभे होते आणि माझी रीडिंग्ज अर्धीच झाली होती. मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, तू इथे मोजायला आली आहेस, दुरुस्तीला नाही. मला ओशाळायला हवं होतं. मला मात्र त्या दिवशी कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

घरी येऊन मी रकाना खोडून परत लिहिला. वस्तू डुगडुगताना दिसली की माझे हात शिवशिवतात, नुसतं मोजून माझं भागत नाही. मुलाखतीतही तेच सांगितलं. पत्र आलं: प्रवेश मिळाला आहे, आठवड्यात होकार कळवा.

सहा दिवस मी होकार दिला नाही. सातव्या दिवशी बाबांबरोबर त्यांची नवी साइड बघायला अल गराफाला गेले. त्यांनी गाडी कडेला लावली.

“बाबा, साइड मीच बदलतेय. काकू नाही.”

त्यांनी मान हलवली. मग मला राहवेना. “त्या दिवशी गप्प का बसलात? आर्ट्सची लाज वाटली ना?”

“मी आर्ट्सलाच होतो,” बाबा म्हणाले.

मी सीटबेल्ट काढून त्यांच्याकडे वळले.

“मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. दोन महिने गेलोपण कॉलेजला. गणपतीला घरी आलो, तर थोरल्या भावानं आयटीआयचा फॉर्म भरून ठेवलेला. सही तेवढी माझी राहिली होती.”

“आणि तुम्ही केलीत?”

“न्हाई म्हणता येतं, हे कुठं ठावं होतं?”

मला रडू आलं, आणि इतके दिवस त्यांच्यावर धरलेल्या रागाची लाज वाटली. मी फोन काढला, पत्र उघडलं आणि होकाराचं बटण दाबलं.

“झालं?”

“झालं.”

“खलास,” ते म्हणाले. मागच्या सीटवरचं हेल्मेट त्यांनी मांडीवर घेतलं आणि साइडवर जायचं सोडून तसेच बसून राहिले.