आई निजलेली असताना

माझा आवाज पत्रकांवर घडला. निजामी राजवटीत मुरूमला आमचे दादा बंदी असलेली पत्रकं कणगीत दडवत आणि दार लावून माझ्याकडून वाचून घेत. पुढं त्याच आवाजावर मी कलापथकात उभी राहिले, आणि कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकानं मला बोलपटात पहिलं काम दिलं. चित्रीकरणाला पंधरा दिवस उरले असताना हुंड्याविरुद्धच्या सभेत ओरडून माझा गळा बसला. डॉक्टरांनी औषध देऊन मौन सांगितलं, तर घोगऱ्या आवाजात मी त्यांच्याशीच वाद घातला. आवाज आला नाही तर काम दुसरीला जाणार होतं.

नवसांविरुद्ध मी स्वतः पत्रक लिहिलेलं. तरी घाबरून तुळजापूरला गेले, आमच्या पुजाऱ्यांकडं उतरले. देवळात पाहते तर सिंहासन रिकामं. नवरात्राआधी देवी काही दिवस शेजघरात पलंगावर निजते, हे आमच्या सुधारकी घरात कुणी सांगितलंच नव्हतं.

"एवढ्या लांबून आले आणि देवी झोपलीय?" पायरीवरच्या आराधीणबाईला मी चिडून म्हटलं.

"मग काय तुला इचारून निजायचं तिनं?" ती कवड्यांची माळ सारखी करत म्हणाली. "तिला राक्षसासंगं लढायचंय. तू कुणासंगं लढून आलीस?"

मी सांगू लागले, तशी तिनं माझ्या ओठांवर हात ठेवला. "गप. ती उठंस्तोवर तू बी तोंड उघडू नगं."

डॉक्टरांचंच सांगणं, पण या वेळी मी ऐकलं. का, ते आजही नीट कळत नाही. रोज पायरीवर आराधीणबाईशेजारी जाऊन बसे. जगाची काळजी वाहणारी झोपते कशी? तोवर राखण कोण करतं? झोपेत हाका ऐकू येतात का? विचारता येईना, म्हणून पाहत राहिले. बाया येत, पलंगाकडं हात जोडत आणि तान्हं लेकरू निजलेल्या घरात वावरावं तशा हळू पावलांनी परत जात. काम गेलं तर गेलं, असं एक दिवस मनात आलं आणि भय वाटलं नाही.

घटस्थापनेला मूर्ती सिंहासनावर आली. "आता बोल," आराधीणबाई म्हणाली.

साचवलेला एकही प्रश्न आठवेना. "तुमचं नाव काय?" आवाज निघाला, पूर्वीपेक्षा जाड, पण माझाच.

"एवढंच इचारायला इतके दिस थांबलीस व्हय?" ती हसली. नाव काही सांगितलं नाही.

काम मला मिळालं, आणि त्या जाड आवाजावर पुढचीही मिळाली. औषधानं, मौनानं की कृपेनं, यावर पत्रक लिहिता आलं असतं, लिहिलं नाही. कॅमेऱ्यापुढं वाक्य सुरू करण्याआधी मी क्षणभर थांबते. आवाज येणं माझ्या हाती नसतं, हे आता ठाऊक झालंय. तो येतो, आणि दर वेळी मनातल्या मनात हात जुळतात.