सलाईन की गोळ्या

पडदेवालीचे पाय सुजले तेव्हा तिनं दोष शिलाई मशीनला दिला. दिवसभर पडदे शिवत बसून पाय जड होणारच, म्हणाली. मग एका सकाळी डोळेही सुजले. "डोळ्यांनी काही तू मशीन चालवत नाहीस," असं सासूनं सुनावलं, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली.

तपासण्या झाल्या, मूत्रपिंडाचा बारीक तुकडाही काढून पाहिला. डॉक्टरबाईंनी तिला, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवलं.

"रोगाशी लढणारी ताकद हिच्या मूत्रपिंडांवरच उलटली आहे. कुंपणच शेत खातंय म्हणा. त्याला आवरायला दोन औषधं आहेत, एक सलाईनमधून, दुसरं गोळ्यांचं. स्टेरॉइड दोन्हींबरोबर लागेलच."

"जास्त जोरदार कुठलं?" नवऱ्यानं विचारलं. तो मालाची गाडी चालवायचा. त्याच्या लेखी सुई टोचल्याशिवाय औषध पोचतच नव्हतं.

"गुण जवळपास सारखाच. सलाईननं पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं. गोळ्यांनी तो धोका कमी, पण पोट बिघडतं. आणि त्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत."

पडदेवालीनं सासूकडे बघायचं टाळलं. सासूच म्हणाली, "माझ्या नातवंडाचा विचार करू नकोस. तू धड राहा, बाकीचं मग बघू."

"नातवंडासाठी नाही, आई. मलाच मूल हवंय," ती म्हणाली, आणि गोळ्या घेतल्या.

गोळ्यांनी पोटाची दैना केली. गिऱ्हाइकाकडे खिडक्यांची मापं घ्यायला गेली की ती आधी संडास कुठे ते विचारायची. स्टेरॉइडनं तोंडाचा भोपळा झाला. लोक म्हणायचे, तब्येत छान सुधारली. ती हो म्हणायची. खरं सांगायला बसलं तर दुपार गेली असती.

"सलाईन घेतलं असतंस तर एव्हाना सुटली असतीस," नवरा कुरकुरायचा. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिवसभरात थोड्या थोड्या विभागून दिल्या, तेव्हा पोट जरा ताळ्यावर आलं. पुढे सूज उतरली, लघवीतून जाणारं प्रथिनही कमी झालं. नवऱ्यानं रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "बऱ्या निघाल्या की गोळ्या," एवढंच म्हणाला.

काही वर्षांनी, आजार शांत राहिल्यावर, आधीच्या गोळ्या थांबवून गरोदरपणात चालणारी दुसरी गोळी सुरू झाली. मुलगी जन्मली ती जरा लवकरच. रक्तदाबापायी शेवटचा महिना दवाखान्यातच गेला. मूत्रपिंडं पूर्वीसारखी झाली नाहीत, पण निभावून नेतात. सध्या ती एका शाळेचे पडदे शिवते आहे.