पुस्तक परत आलंय, पण कॉम्प्युटर नाही म्हणतोय

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी मी नौपाड्यात, एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत नोकरीला लागले. आमची छोटी कंपनी वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि ते कसं वापरायचं हे समजावणारी पानं वेबसाइटवर लिहिणं हे माझं काम. वेबसाइट म्हणजे काय हे घरी कोणालाच कळत नव्हतं, मलाही जेमतेमच. तरी मी हवेत होते.

पानांची अनुक्रमणिका मी इतकी देखणी रचली होती की माझी मीच खूश. व्यवहार, त्यात नोंदी, नोंदींत दुरुस्ती, दुरुस्तीत उलट नोंद, म्हणजे चुकलेली नोंद रद्द करणं. लोक मात्र दुसऱ्याच पानावर हरवायचे आणि सरळ फोन करायचे. सगळ्यांत जास्त फोन डोंबिवलीच्या एका वाचनालयाच्या काकूंचे. शेवटी सरांनी मला बोलावलं. "फोन कमी होणार नसतील तर ही पानं हवीत कशाला?" पानं नकोत म्हणजे मी नको, एवढं मला कळत होतं. आधी रडू आलं, मग संताप.

आमच्याकडे फोन घेणारी मुलगी लोकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायची. डबा खाता खाता मी ती वही उघडली आणि घास हातातच राहिला. 'उलट नोंद' हा शब्द अख्ख्या वहीत एकदाही नव्हता. काकूंचं वाक्य होतं, 'पुस्तक परत आलंय, पण कॉम्प्युटर नाही म्हणतोय.' मी असली वाक्यं जशीच्या तशी उचलली आणि पहिल्याच पानावर लावली. वाक्यावर क्लिक केलं की थेट उत्तर.

"अगं, भाजीबाजार केलायस," सर म्हणाले.

"सर, एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकूंचा फोन. पुन्हा तेच पुस्तक. आमच्या मुलीने उत्तर न देता त्यांना वेबसाइट बघायला सांगितलं. काकूंकडे लाइन एकच, इंटरनेट लावलं की फोन एंगेज. मग आम्ही दोघी त्यांचा नंबर फिरवत बसलो. एंगेज, म्हणजे काकू आत आहेत. पुन्हा एंगेज. आम्ही तोंडावर ओढणी दाबून हसत होतो, का ते विचारू नका. सर तिसऱ्यांदा पाणी प्यायला बाहेर आले. एवढ्यात पलीकडे रिंग वाजली आणि तिने घाबरून फोनच आपटला.

लगेच आमचा फोन वाजला. तो सरांनीच उचलला. काकूंचा आवाज खणखणीत, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"काय काकू, नाही ना सापडलं?"

"सापडलं की. कामही झालं. पण ते माझं वाक्य तुम्ही सगळ्यांसाठी लावलंय. म्हणजे बाकीच्यांचंही असंच होतं?"

"हो काकू. सगळ्यांचंच होतं."

काकूंचा आवाज एकदम खाली आला, तशा आम्ही दोघी रिसीव्हरजवळ सरकलो. "बरं झालं बाई. वर्षभर मला वाटत होतं, मीच एकटी मठ्ठ. फोन लावायच्या आधी दहा वेळा विचार करायचे हो."

सरांनी रिसीव्हर ठेवला. "उरलेली वही कधी लावतेस?" त्यांनी मला विचारलं.

नोकरी वाचली होती. मला तिथेच नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसंही, कारण काकूंची नक्कल करून ऑफिसला सगळ्यांत जास्त हसवलं होतं ते मीच.