साखरपुड्याचे अकरा जिताडे

आता हे सांगावं की नको, असं अजूनही होतं. गाढवपणा माझ्या हातून पुष्कळ झाला, पण हा एक आठवला की चहा घशाखाली उतरत नाही.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. कुंडलिका नदी समुद्राला मिळते, तिथल्या एका कोळीवाड्यात मी शाळामास्तर होतो. मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं शास्त्र शिकलेलो, म्हणजे गावातला सर्वज्ञच म्हणा ना.

शेजारच्या नामा कोळ्यांच्या पार्वतीचा साखरपुडा ठरला. जिताडा म्हणजे आमच्याकडचा मानाचा मासा. नामादादांनी आठ दिवस खपून अकरा जिताडे जिवंत धरले आणि खाडीच्या आडोशाला जाळ्याचं कुंपण घालून त्यात सोडले. बर्फ तेव्हा कुठला?

पाऊस सरला, ऊन पडलं आणि त्या आडोशाचं पाणी हिरवंगार झालं. साखरपुड्याच्या आदल्या दुपारी नामादादा म्हणाले, "मास्तर, पानी जड झालाय. मासं वाहत्या पान्यात न्यायला हवं. जरा हात लावाल?"

हात लावायचा सोडून मी भाषण लावलं. "अहो दादा, नदीनं पुरात गाळाचं खत आणलंय. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती वाढल्यात. वनस्पती प्राणवायू सोडतात. मुंबईपेक्षा चांगली हवा आहे इथे जिताड्यांना."

"वास येतोय पान्याला."

"तो पौष्टिकपणाचा."

शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी मासे तिथेच राहू दिले.

सकाळी गेलो, तर अकराच्या अकरा पोट वर करून तरंगत होते. नामादादा कमरेइतक्या पाण्यात उभे राहून एकेक उचलत होते. पार्वती काठावर टोपली धरून.

आणि तिथे मला काय आठवावं? वनस्पती प्राणवायू सोडतात ते उन्हात. अंधार पडला की त्याही तो ओढून घेतात. कोंडलेल्या पाण्यात मग माशांना उरतं काय? हा धडा मी त्याच आठवड्यात चौथीला शिकवला होता.

रात्रीत मेलेल्या जिताड्यांना वास सुटलेला; पाहुण्यांना सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, वाढली. "खाडीच्या तोंडाशी राहून सुकट?" मुलाची आई म्हणाली. पार्वती मान खाली घालून वाढत राहिली. लग्न झालं, पण तो टोमणा पोरीनं सासरी कितीतरी वर्षं ऐकला.

साखरपुड्याच्याच संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. नामादादा जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, पोर नापास झाला का तुमी काय करता?"

"त्याच इयत्तेत ठेवतो."

"मंग उद्या सकालच्याला खाडीवर या. पहिलीत बसवतो."

गेलो. दोन वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हाही मी पहिलीतच होतो.